पेटीवालीची चाळणी

तिला सगळे पेटीवाली म्हणत. दुकानाच्या पाटीवर मात्र ‘सर्व प्रकारची मोजमापाची यंत्रे दुरुस्त करून मिळतील’ असंच लिहिलेलं होतं आणि अर्धं आयुष्य तिने तेच केलं होतं. वजनकाटे, रक्तदाबाची यंत्रं, पेट्रोलपंपाचे मीटर. बाकासमोर बसली की डोळ्याला भिंग, हातात सोल्डरिंगची काडी, आणि मागच्या भिंतीवर लटकणारं वायरींचं जंगल. त्या जंगलातून हवी ती वायर ती मागे न बघता ओढून काढायची आणि बरोबर तीच निघायची. गिऱ्हाईक बोलत राहिलं तर ती ‘हं’ म्हणायची. नवरा बोलत राहिला तरी ‘हं’च म्हणायची.

अलीकडे तिची ओळख झाली ती पेट्यांमुळे. शिवणयंत्राच्या झाकणाएवढी एक राखाडी पेटी, तिच्या डोक्यावर काचेचा घुमट. घुमटाखाली एकाच वेळी चारी दिशांना आणि वर आकाशात बघणारा कॅमेरा, बाजूला आवाज टिपणारा माइक, तळाशी चुंबकत्वातला फरक मोजणारी एक चकती. कडेला सूर्यप्रकाशावर चालणारी पट्टी. पेटी खांद्याला अडकवायची, एखाद्या डोंगराच्या धारेवर नेऊन ठेवायची आणि आपण घरी यायचं. आकाशात ओळखीबाहेरचं काही दिसलं की पेटी रेडिओवरून छोटासा निरोप पाठवायची: अमक्या दिशेला काहीतरी आहे, ओळख पटत नाही. तो निरोप दुकानातल्या पडद्यावर उमटायचा.

असे निरोप हवे असणारी माणसं जगात असतात. त्यांचं एक मंडळ होतं. त्यांच्यासमोर ‘उडत्या तबकड्या’ हा शब्द काढायची सोय नव्हती, ‘अनोळखी हवाई घटना’ म्हणावं लागे. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून बघितलेल्या माणसाला म्हातारपणी मान वर करून बघावंसं वाटलं, तर त्याला नावं कशाला ठेवायची? बाकीचे सभासदही तसेच. चांगल्या घरचे, जरा एकटे, जरा हट्टी. पेटीवालीचा स्वतःचा त्या वरच्या पाहुण्यांवर विश्वास होता का, याचा तिने कधी कुणाला थांगपत्ता लागू दिला नाही. तिचा विश्वास पेटीवर होता.

तिच्या नवऱ्याचा दोन्हीवर नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून गल्लीत त्याला लिफ्टवाला म्हणत. ज्याने जन्मभर लोकांना वर नेलं आणि सुखरूप खाली आणलं, त्याला वरून कुणी खाली येणार याचं कौतुक वाटेना. दुकानात आला की तो पडद्याकडे बघून विचारायचा, पाहुणे आले का? चहा टाकू का? सभासदांसमोरही विचारायचा. पेटीवालीच्या कानशिलाशी शीर उडायची, पण ती खाली बघून काम करत राहायची. तिला एवढंच वाटायचं की या माणसाने एकदा तरी पेटी हातात घेऊन नीट बघावी, एकदा म्हणावं की चांगली झाली आहे. तो पेटी हातात घ्यायचा, पण पुसायला.

कारण पुसायचं काम त्याच्याकडेच होतं. घुमटावर धूळ बसायची, पक्षी घाण करायचे. मंडळातल्या लोकांचे गुडघे आकाशाकडे बघण्यापुरतेच शाबूत होते. लिफ्टवाल्याचे पाय मात्र निवृत्तीनंतरही खणखणीत, आणि घरात बसलं की त्याला घर खायला उठायचं. तेव्हा दर आठवड्याला तो बसने डोंगराच्या फाट्यावर उतरायचा, पेट्या पुसायचा, झाडाखाली बसून डबा खायचा आणि संध्याकाळच्या बसने परत यायचा. पुसून झाल्यावर पेटीचं बटण दाबून ‘सगळं ठीक’ असा निरोप द्यायचा नियम पेटीवालीने केला होता. तो काही हे बटण दाबत नसे. तुझ्या पाहुण्यांच्या दारावरची घंटी मी का वाजवू, म्हणायचा.

आता चाळणीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन ठेपतं.

सुरुवातीला या पेट्या नुसत्या बोंबलायच्या. कावळा उडाला, निरोप. विमान गेलं, निरोप. कुणाच्या लग्नातला फुगा सुटला की दहा निरोप. सभासदांच्या नाकी नऊ आले. मग पेटीवालीने पेटीच्या डोक्यात एक चाळणी बसवली. हा पक्षी, हे विमान, हा फुगा. हे सगळं ओळखायचं आणि गाळून टाकायचं. एकेक गोष्ट ती पेटीला दाखवत गेली, लहान मुलाला चित्रांचं पुस्तक दाखवावं तशी. सगळ्यांत जास्त छळलं ते चकाकीने. पत्र्याची छपरं, गाड्यांच्या काचा, पाण्याचे टँकर, कुणाच्या मनगटावरचं घड्याळ. उन्हात काहीही चमकलं की पेटीला वाटायचं, आले. एकदा तर अध्यक्षांनी चार वर्तमानपत्रवाल्यांना डोंगरावर नेलं, आणि ती रहस्यमय ज्योत म्हणजे समोरच्या उतारावर वाळत घातलेलं स्टीलचं पातेलं निघालं. मंडळाचं हसं झालं ते झालंच, पण पेटीवालीला ते फार लागलं. सबंध उन्हाळा तिने त्या एकाच कामात घातला. जमिनीजवळ क्षणभर चमकून विझणारा लहान ठिपका दिसला की ती चकाकी. निरोप पाठवायचा नाही, चित्र ठेवायचं नाही, जागेवर पुसून टाकायचं. नाहीतर दोन दिवसांत पेटीची साठवण भरायची.

त्यानंतर पेट्या शहाण्यासारख्या वागू लागल्या. महिनोन्‌महिने गप्प बसायच्या आणि बोलल्या तर कामाचं बोलायच्या. पेटी गप्प असेल तर तिकडे काही नाही, असं मंडळात सगळे धरून चालले. पेटीवालीही चालली. तिला त्या शांततेचा अभिमान होता, आणि का नसावा? ती तिने कमावलेली होती.

त्या दिवशी सकाळी लिफ्टवाल्याने घुमट पुसायचं मऊ फडकं कुठे आहे म्हणून विचारलं. भिंगातून डोळा न काढता तिने ‘हं’ म्हटलं. फडकं त्याचं त्यालाच सापडलं असावं, कारण दार लोटल्याचा आवाज आला. संध्याकाळच्या बसने तो आला नाही. त्यानंतरच्या बसनेही नाही. फोन लागेना, पण डोंगरात तो तसाही लागत नसे. पेटीवालीने ताट वाढून झाकून ठेवलं, मग स्टँडवर जाऊन उभी राहिली, मग पोलीस चौकीवर गेली. तिथल्या बाकावरच तिने सकाळ केली.

उजाडल्यावर फाट्यावर शोधपथक जमलं. काही अग्निशामक दलातले, काही डोंगर चढणारी हौशी मंडळी, एकूण मोजकीच माणसं. पथकाचा प्रमुख हा अबोल, रापलेल्या चेहऱ्याचा गृहस्थ. फाट्यावरच्या बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या खोलीत त्याने नकाशा पसरला. बसच्या ड्रायव्हरला लिफ्टवाला इथे उतरल्याचं आठवत होतं, पुढे कुठे गेला ते माहीत नव्हतं. फाट्यापासून दोन वाटा. पश्चिमेची वाट पठारावर जाते, पूर्वेची खोल दरीच्या कडेने. पेट्या दोन्हीकडे होत्या. दोन्हीकडे एकदम शोध घेण्याइतकी माणसं नव्हती, आणि दरीत उतरायचं तर दोर, तयारी आणि बराच वेळ लागणार होता. प्रमुखाने नकाशावरून मान वर केली आणि तुमच्या पेट्या काही सांगतात का, असं विचारलं. दुसरं काहीच हाताशी नसलं की माणूस विचारतो तसं.

पेटीवालीने पडदा सोबत आणलाच होता. आदल्या दिवशी दुपारी पश्चिमेच्या पेटीने एक निरोप पाठवला होता. काहीतरी पांढरं, जमिनीपासून फार वर नसलेलं, आकार बदलणारं, ओळख पटत नाही. पूर्वेच्या पेट्या दिवसभर गप्प. ती ते निरोप पुन्हा पुन्हा वाचत होती, आणि वाचता वाचता तिला धीर येत गेला. पांढरं म्हणजे त्याचा सदरा. काढून हलवला असेल, फेकला असेल.

“तो पश्चिमेलाच आहे,” ती म्हणाली. “पूर्वेला असता तर त्यानं स्वस्थ बसून घेतलं नसतं. काहीतरी केलंच असतं, आणि माझ्या पेटीला ते दिसलं असतं.”

“नक्की?” प्रमुखाने विचारलं.

“माझ्या हातची पेटी आहे, साहेब.”

त्याने पथक पश्चिमेला धाडलं. तिच्या शब्दावर धाडलं, हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ती स्वतः ते विसरू शकली नाही.

दिवस लख्ख उन्हाचा होता. पथक पठारावर पसरलं, हाका ऐकू येत राहिल्या आणि विरत गेल्या. दुपारी अध्यक्षांचा फोन आला. पेटीवालीला वाटलं, नवऱ्याची चौकशी करतील. त्यांनी केलीही, पण एका वाक्यात. मग आवाज हळू करून म्हणाले की कालचा तो पांढरा निरोप फार महत्त्वाचा आहे, इतक्या वर्षांत असा एकही आला नाही, आणि तुमच्या लक्षात येतंय का की दोन्ही गोष्टी एकाच दुपारी घडल्या? ते काय सुचवत होते ते कळल्यावर तिने फोन ठेवून दिला. त्या माणसाचा राग येण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती. पाहुण्यांनी नवरा उचलून नेला! लिफ्टवाल्याने हे ऐकलं असतं तर हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. तो ऐकायला नव्हता.

रात्रीच्या गाडीने तिची लेक आली, ती थेट पेट्रोलपंपावरच. दुसऱ्या दिवशी सकाळी पथकाला ती पांढरी वस्तू सापडली. कुठल्याशा रोपवाटिकेच्या छपराचं फाटलेलं प्लॅस्टिक, काटेरी झुडपात अडकून फडफडत होतं. पठारावरच्या लोकांनी सांगितलं की परवापासून ते वाऱ्यावर इकडून तिकडे उडतंय. एवढंच होतं ते. तरीही पथक तिथेच शोधत राहिलं, कारण पूर्वेच्या पेट्या अजून गप्पच होत्या, आणि पेटीवालीने प्रमुखाला पुन्हा एकदा सांगितलं होतं की त्या गप्प आहेत. लेकीने आईच्या हातात चहाचा कप दिला, तो निवून त्यावर साय धरली तरी हातातच होता.

दुपार कलायला आली तेव्हा प्रमुख आत आला आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. पथक दमलं होतं, पश्चिमेकडून ढगांची फळी वर येत होती. त्याने अगदी साधा प्रश्न विचारला. मिस्टरांच्या पिशवीत काय काय असतं, ते आठवून सांगा.

तिने सांगायला घेतलं. पाण्याची बाटली. डबा. घुमट पुसायचं फडकं. पाना, पक्कड, टेप. आणि, ती सहज म्हणाली, आरसा.

“आरसा कशाला?”

दांडीवर बसवलेला लहान गोल आरसा, तिने सांगितलं. लिफ्टच्या खोलीत चाकाच्या मागे डोकं घालता येत नाही, म्हणून आरसा घालून बघतात. जन्माची सवय आहे, पेटीचा तळही तो आरशातच बघतो, वाकायला नको म्हणून. हे सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

लेकीला वाटलं, आईला चक्कर आली. चक्कर नव्हती. दोन दिवस रणरणतं ऊन होतं. दरीत पडलेला, पाय अडकलेला किंवा मोडलेला, हाक कुणाला ऐकू जात नाही असा एक माणूस. त्याच्या पिशवीत आरसा, आणि समोरच्या धारेवर त्याच्या बायकोची पेटी. त्याने काय केलं असेल हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्याने आरसा धरला असेल. ऊन पकडून पेटीच्या डोळ्यात सोडलं असेल. जमिनीजवळ क्षणभर चमकून विझणारा लहान ठिपका. पेटीने तो पाहिला असेल, बरोबर ओळखला असेल, आणि शिकवल्याप्रमाणे पुसून टाकला असेल. पुन्हा चमकला, पुन्हा पुसला. दोन दिवस. आणि ती इथे बसून लोकांना सांगत होती की तिकडे कुणी नाही.

एक क्षण, अगदी एकच, तिच्या मनात आलं की हे बोलू नये. दुसरं काही कारण काढून पथक पूर्वेला पाठवावं. मग तिने सगळं सांगितलं, चाळणी, पातेलं, सगळं, खाली बघून. प्रमुखाने ऐकून घेतलं. तो रागावला असता तर तिला सोसलं असतं. तो फक्त म्हणाला, “बाई, हे काल कळायला हवं होतं,” आणि उठून वायरलेसवर माणसांना परत बोलवायला लागला.

तिने पडदा पुढे ओढला. चाळणी इथूनच उघडता येत होती, पण एक अडचण होती: मंडळाच्या सगळ्या पेट्यांना मिळून चाळणी एकच. ती काढली की गावोगावच्या सगळ्या पेट्या एकदम बोंबलायला लागणार होत्या. कुणी कळवलं कोण जाणे, पण तिने पहिली कळ दाबायच्या आतच अध्यक्षांचा फोन वाजला. ते घाबरले होते. समितीला विचारल्याशिवाय असं करता येत नाही, म्हणाले. पांढऱ्या निरोपानंतरचे हे दिवस पुन्हा येणार नाहीत, सगळा गोंगाट झाला तर खरं काही आलं तरी कळणार नाही.

“ते प्लॅस्टिक होतं, डॉक्टर,” पेटीवाली म्हणाली. “आणि खरे कुणी आलेच, तर त्यांना जरा थांबू द्या.”

तिने चाळणी काढली. पडदा भरून वाहू लागला. पक्षी, विमान, पक्षी, पत्रा, काच, पत्रा. लेक शेजारी बसली, दोघी मिळून फक्त पूर्वेच्या पेट्यांचे निरोप वेगळे काढू लागल्या. पथक दरीच्या तोंडाशी पोचायलाच वेळ लागणार होता. तोवर एक चमक दिसली तर नेमकी दिशा मिळेल, दोर कुठून सोडायचा ते कळेल. आणि तेवढ्यात खिडकीतलं ऊन गेलं. ढगांची फळी डोंगरावर आली. पडद्यावरचे निरोप विरळ झाले आणि थांबले. ऊनच नाही तर आरसा काय करणार? दोन दिवस सूर्य आकाशात होता तेव्हा पेटीचे डोळे तिने बांधून ठेवले होते; आता डोळे सोडले तर सूर्य नव्हता. पेटीवाली खिडकीशी जाऊन ढगांकडे बघत उभी राहिली. ती देवाचं वगैरे नाव घेणारी नव्हती. त्या दिवशी तिने कुणाकुणाचं नाव घेतलं ते तिचं तिलाच ठाऊक.

दिवस मावळायच्या आधी ढग फाटले. पिवळं, तिरकं ऊन दरीत शिरलं. पेट्या पुन्हा बोलू लागल्या: पत्रा, पत्रा, काच. समोरच्या वाडीची छपरं चमकत होती, रस्त्यावरून एक टेम्पो चमकत गेला. लेक एकेक वाचत होती आणि मान हलवत होती. उतारावरून काही नाही. ऊन होतं, पेटी जागी होती, चाळणी नव्हती आणि तरीही उतारावरून एकसुद्धा चमक येत नव्हती. पेटीवालीने पडद्याच्या चौकटीवर कपाळ टेकलं. इतका वेळ ती त्याला शोधत होती. आता तिला फक्त वाटत होतं की तो एकट्याने कसा गेला असेल, किती वेळ लागला असेल, आणि जाताना तिला काय म्हणाला असेल. ऊन संपलं तेव्हा लेकीने पडदा बंद करायला हात पुढे केला. आईने तो धरून ठेवला.

वायरलेसवर खरखर झाली. पथकातल्या कुणाचा तरी दमलेला आवाज: सापडले, श्वास चालू आहे, स्ट्रेचर पाठवा.

पेटीवाली जिथे उभी होती तिथेच खाली बसली. पेट्रोलपंपाच्या त्या तेलकट फरशीवर बसून ती इतकं रडली की प्रमुख दार लोटून बाहेर जाऊन उभा राहिला.

लिफ्टवाला दरीच्या मध्यावर एका मोठ्या सपाट दगडावर पडलेला होता. वाटेवरून घसरून तो खाली आला होता, त्या घसरणीच्या खुणेवरूनच पथक त्याच्यापर्यंत पोचलं होतं. डावा पाय घोट्यापाशी मोडला होता, हाड बाहेर. पहिले दोन दिवस शुद्धीवर होता, तिसऱ्या दिवशी तापाने भ्रम झाला. दांडीचा आरसा त्याने फडक्याने मनगटाला बांधून ठेवला होता, हातातून सुटू नये म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं की एक दिवस आधी आणला असता तर पाय वाचवता आला असता. जखम चिघळली होती. गुडघ्याखाली कापावा लागला.

तो वाचला, आणि चार दिवसांनी नीट बोलायला लागला. बोलायला लागला तो थांबेना. नर्स आली की तिला सांगायचा, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगायचा, फरशी पुसणाऱ्या मावशींना सांगायचा: माझ्या बायकोची पेटी आहे डोंगरावर, तिनं मला शोधलं. लोक पाहुणे शोधतात, तिनं नवरा शोधला. सगळे हसायचे, कौतुकाने पेटीवालीकडे बघायचे. जे शब्द ऐकायला ती इतकी वर्षं झुरली, ते आता तिच्या कानात शिशासारखे ओतले जात होते. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहायची. एकदा लेक तिच्या मागोमाग आली.

“आई, बाबांना सांगू नकोस,” लेक म्हणाली. “पाय गेलाय, तरी बघ कसे बोलतायत. त्या एका गोष्टीवर ते तग धरून आहेत. तुझ्या मनावरचं ओझं उतरवायला ते त्यांच्या अंगावर टाकू नकोस.”

लेकीचं काही चुकत नव्हतं. पेटीवालीने मान हलवली आणि आत येऊन त्याच्या उशाशी बसली. सांगायचं नाही हे तिने ठरवलं होतं, अगदी पक्कं. मोसंबी सोलून एकेक फोड ती त्याला देत होती आणि तो त्या दरीतलं सांगत होता, दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं. आधी नुसतंच चमकवलं, म्हणाला, तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. मग वाटलं, तिला दिसलंय, आता लोक यायला वेळ लागणारच, तोवर गप्पा माराव्यात. एक लांब चमक म्हणजे पाय मोडलाय. दोन आखूड म्हणजे घाबरू नकोस. ताट वाढून बसली असशील तर जेवून घे, यासाठीही त्याने एक खूण ठरवली होती.

“खाली ओढा होता,” तो म्हणाला. “ओढ्याकाठी गाडीवाट. दुधाची गाडी जाताना दिसायची, सकाळी. सरपटत गेलो असतो तर अर्ध्या दिवसात पोचलो असतो. पहिल्या दिवशी तेवढी ताकद होती अंगात. पण तिथून पेटी दिसत नव्हती ना. म्हटलं, तू बघतेयस आणि मी एकदम दिसेनासा झालो, तर तू हाय खाशील. म्हणून हललो नाही.”

पेटीवालीच्या हातात मोसंब्याची फोड तशीच राहिली. चादर खाटेच्या पायथ्याशी एका बाजूला उंच होती, दुसऱ्या बाजूला सपाट. हे ऐकल्यावर गप्प बसणं तिला जमलं नाही. गप्प राहून पेटीने जे केलं, तेच आता ती करत होती.

“तिनं तुम्हाला शोधलं नाही,” ती म्हणाली. “चमक दिसली की टाकून द्यायची, असं मीच तिला शिकवलं होतं. तुम्ही पहिल्यापासून दिसत होता. तिनं दर वेळी तुम्हाला टाकून दिलं. मला एकदाही कळलं नाही. आणि तिकडे कुणी नाही, असं मीच त्या लोकांना सांगितलं.”

त्याला कळायला वेळ लागला. तो आधी तिच्याकडे बघत होता, मग चादरीच्या सपाट बाजूकडे बघायला लागला. तो ओरडला असता, हातातलं फेकलं असतं, तर ते त्याच्या हक्काचं होतं आणि ती त्याचीच वाट बघत होती. पण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चुकीच्या मजल्यावर दार उघडलं की माणूस जसा बाहेर न पडता नुसता बघत राहतो, तसा तो बघत होता.

“मग मी एवढे दिवस कुणाशी बोलत होतो?” त्याने विचारलं.

तिने त्याचा हात धरायला आपला हात पुढे केला. त्याने आपला हात हळूच चादरीखाली घेतला.